गन कंट्रोलचा वाद आणि धोकादायक माणसाच्या हातातली बंदूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत कुठे मोठा गोळीबार झाला की पुढचे चार दिवस तेच चालतं, एकजण म्हणतो सगळ्या बंदुका काढून घ्या, दुसरा म्हणतो बंदूक कोणाला मारत नाही माणूस मारतो, मग दोघं एकमेकांवर चिडतात आणि पाचव्या दिवशी विषय बदलतो. मला या सगळ्यात एकच प्रश्न छळतो, तो म्हणजे ज्या माणसाची आजूबाजूच्या लोकांना आधीपासून भीती वाटत होती त्याच्याकडे बंदूक राहिलीच कशी. खालचे प्रश्न मला परत परत विचारले जातात म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. सगळं अमेरिकेच्या संदर्भात आहे, आणि राज्याराज्यात नियम वेगळे आहेत हे डोक्यात ठेवून वाचा.

सेकंड अमेंडमेंट आहे म्हटल्यावर वाद घालून उपयोग काय?

उपयोग आहे. शस्त्र बाळगण्याच्या हक्काची ही घटनादुरुस्ती १७९१ ची. २००८ मध्ये हेलर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असं सांगितलं की स्वतःच्या संरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. पण त्याच निकालात कोर्टाने हेही लिहिलं की हा हक्क अमर्याद नाही, आणि गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांवर किंवा मानसिक आजारी व्यक्तींवर जी जुनी बंदी आहे तिच्यावर या निकालाने शंका घेतली जात नाहीये. हा दुसरा भाग वादात कोणी वाचतच नाही.

नंतर सुप्रीम कोर्टाच्याच २०२२ च्या ब्रुएन निकालाने कसोटी बदलली, आता बंदुकीवरचा कुठलाही कायदा देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो हे सरकारला दाखवावं लागतं, त्यामुळे खालच्या कोर्टांत बरेच कायदे अडकले. आणि २०२४ मध्ये राहिमी केस आली. त्या माणसावर गर्लफ्रेंडला मारहाण केल्यामुळे संरक्षणाची कोर्ट ऑर्डर होती आणि तरी बंदूक होती. तिथे कोर्टाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला, की जो माणूस दुसऱ्याच्या जिवाला खरा धोका आहे असं कोर्टाला आढळलंय त्याची बंदूक तात्पुरती काढून घेणं घटनेत बसतं. म्हणजे आजच्या कॉन्झर्वेटिव्ह कोर्टातही ज्या एका मुद्द्यावर जवळपास एकमत आहे तो हाच आहे, धोकादायक माणूस.

कायद्याने बंदूक कोणाला घेता येत नाही?

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची यादी मुख्यतः १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टची, केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर आलेली. ज्यात एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकते अशा गुन्ह्यात दोषी ठरलेले, फरारी, बेकायदा ड्रग घेणारे, कोर्टाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेले किंवा सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केलेले, वगैरे. १९९४ मध्ये घरगुती हिंसाचाराची कोर्ट ऑर्डर असलेले आणि १९९६ मध्ये घरगुती हिंसाचाराच्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या गुन्ह्यातले दोषीही त्यात आले. गांजाचं लक्षात ठेवा, तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी फेडरल फॉर्मवर तो अजून बेकायदा ड्रगच आहे.

बॅकग्राउंड चेक म्हणजे नक्की काय होतं?

दुकानात गेलात, बंदूक पसंत केली, की दुकानदार ४४७३ नंबरचा फॉर्म पुढे ठेवतो. त्यावर नाव, पत्ता, जन्मतारीख आणि मग हो किंवा नाही अशी प्रश्नांची रांग, ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय का, तुमच्यावर खटला चालू आहे का, कधी सक्तीने दाखल केलं होतं का. सही झाली की दुकानदार एफबीआयच्या निक्स नावाच्या सिस्टिमला फोन करतो किंवा ऑनलाइन टाकतो (काही राज्यं हे काम स्वतः करतात). उत्तर तीन प्रकारचं येतं, प्रोसीड, डिलेड किंवा डिनाइड. बहुतेकांचं काही मिनिटांत प्रोसीड होतं. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर हल्ला झाला तेव्हा त्यांचे प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रेडी डोक्यात गोळी लागून कायमचे अपंग झाले, त्यांच्या नावाने १९९३ मध्ये ब्रेडी कायदा झाला आणि निक्स १९९८ मध्ये सुरू झालं.

आता मोठी मेख अशी की हे सगळं फक्त लायसन्स असलेल्या दुकानदाराला लागू आहे. खासगी माणसाने दुसऱ्याला विकली तर फेडरल कायद्याने चेकची सक्ती नाही, काही राज्यांनी ती स्वतःहून केली आहे.

चेक असूनही माणसं निसटतात कशी?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून थोडं लांबण लावतो. निक्स म्हणजे एक यादी आहे, आणि यादीत जे कोणी टाकलंच नाही ते तिला कुठून दिसणार.

व्हर्जिनिया टेक, २००७, ३२ जण मारले गेले. हल्लेखोराला दीड वर्ष आधी कोर्टाने स्वतःला धोका आहे म्हणून उपचारांचा आदेश दिला होता, म्हणजे फेडरल कायद्याप्रमाणे तो बंदूक घ्यायला अपात्रच होता, पण राज्याने ती नोंद निक्सला पाठवली नव्हती कारण उपचार रुग्णालयात भरती न होता घ्यायचे होते. दोन पिस्तुलं, दोन्ही वेळा चेक पास.

चार्ल्सटनचं चर्च, २०१५, ९ जण. इथे हल्लेखोराला अपात्र ठरवणारी नोंद होती पण ती कुठल्या पोलीस खात्याकडे आहे यात घोळ झाला, तपासणाऱ्याला ती वेळेत सापडली नाही, आणि फेडरल नियम असा की कामकाजाचे तीन दिवस उलटूनही उत्तर आलं नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. दिली. नंतर एफबीआयच्या प्रमुखांनी स्वतः सांगितलं की त्याला ती मिळायला नको होती.

सदरलंड स्प्रिंग्स, टेक्सास, २०१७, पोटातलं बाळ धरून २६ जण. या माणसाला एअर फोर्समध्ये असताना बायको आणि सावत्र मुलाला मारहाण केल्याबद्दल २०१२ मध्ये कोर्ट मार्शल झालं होतं. एअर फोर्सने ते एफबीआयला कळवलंच नाही. २०२१ मध्ये फेडरल जजने या हत्याकांडाची ६० टक्के जबाबदारी सरकारवर टाकली.

तिन्ही ठिकाणी कायदा होता. कोणीतरी कागद पुढे पाठवायचा होता तो पाठवला नाही किंवा वेळेत शोधला नाही, एवढंच. यावर ना कोणी मोर्चा काढत, ना टीव्हीवर चर्चा होते, आणि माझा राग नेमका यावर आहे.

गुन्हेगार कुठे दुकानातून बंदूक घेतात, मग चेकने काय होणार?

अर्धं बरोबर आहे. २०१६ च्या सरकारी सर्व्हेत, गुन्ह्याच्या वेळी बंदूक बाळगणाऱ्या कैद्यांपैकी साधारण १० टक्क्यांनीच ती दुकानासारख्या ठिकाणाहून घेतली होती, ४३ टक्क्यांनी रस्त्यावरच्या काळ्या बाजारातून आणि २५ टक्क्यांनी नातेवाईक किंवा मित्राकडून. पण काळ्या बाजारातली बंदूक काही आकाशातून पडत नाही, ती कधीतरी कायदेशीर विकली गेलेली असते, मग कोणीतरी दुसऱ्यासाठी आपल्या नावावर घेतलेली किंवा चोरलेली. म्हणून दुसऱ्याच्या नावावरच्या खरेदीवर मारा करणं गरजेचं आहे, आणि २०२२ च्या फेडरल कायद्याने तो वेगळा फेडरल गुन्हा केला हे चांगलं झालं.

आणि एक कबूल करायला हवं, खासगी विक्रीवर नुसती चेकची सक्ती केली म्हणून लगेच आकडे खाली येतात असं अभ्यासांत ठामपणे दिसत नाही. जास्त फरक लायसन्सिंगने दिसतो, म्हणजे आधी स्वतः हजर राहून परमिट काढा, मग बंदूक. कनेटिकटने १९९५ मध्ये हे आणलं त्यानंतर बंदुकीने होणारे खून अंदाजापेक्षा कमी झालेले आढळले, आणि मिझूरीने २००७ मध्ये असाच कायदा रद्द केला त्यानंतर वाढलेले आढळले.

हे सगळं मानसिक आजाराचं प्रकरण आहे ना?

नाही, आणि हे म्हणणं थांबवायला हवं. गंभीर मानसिक आजार उद्या जादूने नाहीसे झाले तरी अमेरिकेतली एकूण हिंसा जेमतेम ४ टक्क्यांनी कमी होईल असा संशोधकांचा अंदाज आहे. डिप्रेशन असलेला माणूस दुसऱ्यासाठी धोका असतो हा गैरसमज पसरला की लोक डॉक्टरकडे जायचंच टाळतात. आणि फक्त थेरपी घेतली, गोळ्या चालू आहेत, स्वतःहून कौन्सेलरकडे गेलात, एवढ्याने फेडरल बंदी लागत नाही, तिथे कोर्टाचा आदेश किंवा सक्तीची भरती लागते.

मग धोकादायक माणूस ओळखायचा कसा?

निदानावरून नाही, वागण्यावरून. आधी केलेली हिंसा, विशेषतः घरात. उघड धमक्या. पाठलाग. दारू आणि त्याबरोबर येणारा राग. नोकरी किंवा नातं तुटल्यावर अचानक शस्त्रं गोळा करणं. घरगुती हिंसाचारात तर चित्र फारच स्पष्ट आहे, छळणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका साधारण पाचपट होतो. आपल्याकडे अजून "नवरा-बायकोचं भांडण आहे, आपण कशाला मध्ये पडा" असं म्हणतात, त्या वेळी कोणी निदान एवढं तरी विचारा की घरात बंदूक आहे का.

रेड फ्लॅग लॉ म्हणजे काय?

गुन्हा घडायच्या आधी कोर्टाकडून बंदूक तात्पुरती काढून घ्यायची सोय. कनेटिकटने १९९९ मध्ये पहिल्यांदा आणली, इंडियानाने २००५ मध्ये, आणि आता वीसहून जास्त राज्यांत आहे. ओक्लाहोमाने उलट २०२० मध्ये असे कायदे करायलाच बंदी घातली.

साधारण असं चालतं. समजा एका बाईचा भाऊ आठवडाभर झोपलेला नाही, ऑफिसमधल्या दोघांची नावं घेऊन "त्यांना दाखवतो" म्हणतोय आणि त्याच्याकडे दोन पिस्तुलं आहेत. ती कोर्टात जाऊन शपथेवर अर्ज देते, मेसेजचे स्क्रीनशॉट जोडते. जज त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, भावाचं म्हणणं न ऐकता, अगदी थोड्या दिवसांची ऑर्डर देऊ शकतो. पोलीस जाऊन बंदुका ताब्यात घेतात, नवीन घेता येत नाही. मग एक-दोन आठवड्यांत पूर्ण सुनावणी, तिथे भाऊ येतो, वकील आणू शकतो, आणि पुरावा पटला तरच ऑर्डर वाढते, बहुतेक ठिकाणी एक वर्ष. फौजदारी गुन्हा दाखल होत नाही.

अर्ज कोण करू शकतं हे मात्र राज्यावर आहे. कॅलिफोर्नियात घरचे, मालक, सहकारी, शिक्षक सगळे करू शकतात. फ्लोरिडात फक्त पोलीस. हा फ्लोरिडाचा कायदा पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारात १७ जण गेल्यावर मार्च २०१८ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नरने सही केलेला आहे, त्यामुळे हे फक्त डेमोक्रॅट्सचं खूळ आहे असं कोणी म्हटलं तर हे सांगा.

गुन्हा केला नाही आणि बंदूक काढून घेतली, हा अन्याय नाही का? एखादी एक्स सूड म्हणून करेल.

ही शंका रास्त आहे आणि तिला झटकून टाकणाऱ्यांशी माझं पटत नाही. एकतर्फी ऑर्डर ही मोठी गोष्ट आहे. म्हणून कायदा चांगला की वाईट हे मी तीन गोष्टींवर ठरवतो, पूर्ण सुनावणी किती दिवसांत होते, पुरावा किती भक्कम लागतो, आणि खोटा अर्ज करणाऱ्याला शिक्षा आहे का. फ्लोरिडात १४ दिवसांत सुनावणी आणि स्पष्ट, पटण्याजोगा पुरावा लागतो, हे मला योग्य वाटतं. अंमलबजावणीतही धोका असतो, २०१८ मध्ये मेरीलँडमध्ये पहाटे अशी ऑर्डर घेऊन गेलेल्या पोलिसांच्या गोळीने ज्याच्यावर ऑर्डर होती तोच माणूस मेला. म्हणजे ऑर्डर कशी आणि कोणत्या वेळी बजावायची याचं ट्रेनिंग कायद्याइतकंच महत्त्वाचं.

पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. कनेटिकटच्या अभ्यासात साधारण दर १० ते २० जप्त्यांमागे एक आत्महत्या टळली असा अंदाज निघाला. तात्पुरत्या जप्तीची किंमत आणि एक जीव, मी जीव निवडतो.

कायदा असून वापरलाच नाही असं होतं का?

होतं, आणि फार होतं. इंडियानापोलिसला २०२१ मध्ये कुरिअरच्या गोदामात ८ जण मारले गेले, त्यातले ४ शीख होते. हल्लेखोराच्या आईने आदल्या वर्षीच पोलिसांना कळवलं होतं, पोलिसांनी त्याची शॉटगन नेलीसुद्धा, पण रेड फ्लॅगची सुनावणी कोर्टापुढे गेलीच नाही, त्यामुळे त्याच्यावर खरेदीची बंदी आली नाही आणि त्याने नंतर दोन रायफली कायदेशीर विकत घेतल्या. आईने करायचं ते केलं होतं हो. बफेलोच्या २०२२ च्या हल्लेखोरानेही आधी शाळेत खून करून आत्महत्या करायचं लिहून दिलं होतं, तपासणीला नेलं, सोडलं, आणि न्यूयॉर्कमध्ये कायदा असून ऑर्डर कोणी मागितली नाही.

आत्महत्या यात का मोजता, तो वेगळा विषय आहे ना?

२०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० लोक गेले, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. त्यामुळे आत्महत्या वगळून गन कंट्रोलवर बोलणं म्हणजे अर्ध्याहून जास्त मृत्यू बाजूला ठेवून बोलणं. आणि "ज्याला मरायचंय तो दुसरा मार्ग शोधेल" हे खरं नाही. बंदुकीने केलेल्या प्रयत्नात दहापैकी जवळपास नऊ जण मरतात, गोळ्या खाऊन केलेल्या प्रयत्नात फार थोडे. आणि प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी साधारण दहातले नऊ पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ती वाईट रात्र बंदुकीशिवाय गेली तर बहुतेक वेळा माणूस राहतो.

घरात लहान मुलं आहेत, मित्रांकडे खेळायला जातात, काय विचारू?

सरळ विचारा, "तुमच्याकडे बंदूक आहे का आणि असली तर कुलुपात आहे ना?" ऑड वाटतं पण अ‍ॅलर्जीबद्दल, कुत्र्याबद्दल विचारतोच ना, त्याच दमात हेही. बंदूक अनलोड करून कुलुपात, गोळ्या वेगळ्या कुलुपात, आणि कोड मुलांना माहीत नाही, एवढं हवं. मुलांच्या हाती लागू नये यासाठीच्या कायद्यांनी तरुण मुलांच्या आत्महत्या कमी होतात, याला रँड या संशोधन संस्थेच्या मोठ्या आढाव्यातही चांगला आधार सापडला.

मिशिगनमध्ये ऑक्सफर्ड हायस्कूलला २०२१ मध्ये १५ वर्षांच्या मुलाने ४ विद्यार्थ्यांना मारलं. वडिलांनी पिस्तूल घेऊन चारच दिवस झाले होते. त्या सकाळी शाळेने मुलाने काढलेलं चित्र बघून आईवडिलांना बोलावलं, त्यांनी त्याला घरी नेलं नाही, शाळेने बॅग तपासली नाही. २०२४ मध्ये दोन्ही पालक मनुष्यवधात दोषी ठरले.

ऑस्ट्रेलियासारखं का करत नाहीत?

तिथे १९९६ मध्ये पोर्ट आर्थरच्या गोळीबारात ३५ जण गेल्यावर सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. अमेरिकेत सर्वसामान्यांकडे जवळपास ४० कोटी बंदुका आहेत आणि १९८६ च्या कायद्याने फेडरल रजिस्टर ठेवायलाच मनाई आहे. इथे तो रस्ता सध्या बंद आहे, त्यात शक्ती घालवू नये असं माझं मत.

एआर-१५ बॅन केली तर?

एआर-१५ सारख्या रायफलींवर १९९४ ते २००४ अशी फेडरल बंदी होती. मोठ्या हत्याकांडांत मृतांचा आकडा कमी करायला तिचा उपयोग होऊ शकतो, पण रोजचे बहुतेक खून पिस्तुलाने होतात, त्यामुळे हा एकच मुद्दा धरून बसू नका.

मी एच-१बी वर आहे, बंदूक घेऊ शकतो का?

नॉन-इमिग्रंट व्हिसावर फेडरल कायद्याने बंदी आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. मित्र रेंजवर घेऊन जातोय म्हणून नुसती हातात घ्यायची असली तरी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे.

बंदूक बाळगणाऱ्या मित्राशी बोललो की भांडणच होतं. कसं बोलू?

"तुमच्या बंदुका" असं बोलायला सुरुवात केलीत की तो ऐकणं बंद करतो. त्यालाच विचारा, तुझ्या ओळखीत असा कोणी आहे का ज्याच्या हातात बंदूक बघून तुलाही भीती वाटेल? बहुतेकांच्या डोक्यात एक नाव असतंच. मग पुढचं बोलणं त्या नावावर होतं, त्याला कसं थांबवायचं, कोणी सांगायचं, जजने काय बघायचं. आणि बंदूक बाळगणाऱ्या लोकांना सुरक्षित ठेवण्याबद्दल तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहिती असते, ती आदराने विचारा.

मला एका माणसाची खरंच भीती वाटते. आज काय करू?

आत्ता, या मिनिटाला धोका असेल तर ९११, आणि फोनवर सांगायचं की घरात बंदूक आहे. तो स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करेल अशी भीती असेल तर ९८८ या हेल्पलाइनवर कॉल किंवा मेसेज करा, घरच्यांनीही केला तरी चालतो.

एवढी घाई नसेल तर आज लिहून काढा, कधी काय म्हणाला, कोणासमोर, कुठली शस्त्रं आहेत आणि कुठे ठेवतो. मेसेज डिलीट करू नका. मग तुमच्या राज्यात रेड फ्लॅग लॉ आहे का आणि अर्ज घरच्यांना करता येतो का ते काउंटी कोर्टाच्या क्लार्कला विचारा, फॉर्म तिथेच मिळतो. फक्त पोलिसांनाच अर्ज करता येत असेल तर पोलिसांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. मारहाणीचं प्रकरण असेल तर घरगुती हिंसाचाराची संरक्षण ऑर्डर हा वेगळा रस्ता प्रत्येक राज्यात आहे, ऑर्डर मिळाली की बंदुका प्रत्यक्षात जमा झाल्या का हे विचारत राहा कारण तिथेच बऱ्याचदा काम अर्धवट राहतं. आणि कायदाच नसेल, पण माणूस बोलायच्या मनःस्थितीत असेल, तर काही दिवस बंदूक घराबाहेर ठेवायला राजी करा, बऱ्याच ठिकाणी गन शॉप किंवा पोलीस स्टेशन तात्पुरती ठेवून घेतात, फक्त तुमच्या राज्यात मित्राकडे द्यायला चालतं का ते आधी बघा. एकदा कळवून काही झालं नाही तर परत कळवा, दुसऱ्या अधिकाऱ्याला कळवा, आणि सुनावणी कुठल्या तारखेला आहे हे स्वतः विचारा.